चांदोलीत स्वस्तात केबिन मिळंल का? (५ माणसं, २ रात्री, बजेट ६ हजार)

सांगलीची_हळद
नमस्कार मंडळी. डिसेंबरात पोरांना सुट्टी आहे तेव्हा चांदोली नॅशनल पार्कला जायचं ठरतंय. मी, नवरा, सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात) आणि दोन पोरं, ९ आणि ५ वर्षांची. मोबाईलवर एक रील बघितलं, जंगलात लाकडी केबिन, पुढं व्हरांडा, सकाळी धुकं, चहाचा कप वगैरे, तेव्हापासून धाकट्यानं डोकं खाल्लंय की आपल्याला "लाकडाच्या घरात" झोपायचंय. राहणं-जेवण मिळून दोन रात्रींचे ६ हजारच्या वर जायला नको, डिझेल वेगळं. सांगलीत राहून इतक्या वर्षांत एकदाही चांदोलीला गेले नाही याची लाज वाटते पण खरं आहे. आत केबिन असतात का? कुणी राहिलंय का? प्लीज अनुभवाचं सांगा, गुगलवरचं नको, ते वाचून झालंय.

घाटमाथा
ताई आधी एक गैरसमज काढून टाका. नॅशनल पार्कच्या आत, म्हणजे झोळंबीच्या सड्याकडं (उघडं खडकाळ पठार) वगैरे, आपल्यासारख्यांना रात्री राहता येत नाही. सकाळी आत जायचं आणि अंधार पडायच्या आत बाहेर. चांदोली ३१७ चौरस किलोमीटर आहे आणि ते सगळं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात येतं, तिथं हॉटेल-रिसॉर्टला परवानगीच नाही आणि नसावी पण. राहायचं ते कडेच्या गावात. मणदूर, आरळा, सोनवडे, नाहीतर धरणाची वसाहत वारणावती.

आणि तुम्ही बघितलेलं रील चांदोलीचं नसणार. ती त्रिकोणी छपराची काचेची केबिनं बहुतेक महाबळेश्वर-पाचगणी नाहीतर तापोळ्याच्या बाजूची असतात, शनिवार-रविवारी एका रात्रीतच तुमचं दोन दिवसांचं बजेट खाऊन ढेकर देतील.

आख्खा_मसूर
राहायचं नंतर बघू, पेठ नाक्याला जेवायचं कुठं ते ठरलं का 😄

सांगलीची_हळद
@घाटमाथा अरे देवा. म्हणजे केबिन नाहीच? धाकट्याला कसं सांगू.

घाटमाथा
केबिन नाही पण कौलारू घर आहे की. शेणानं सारवलेली पडवी, वर लाकडी माळा. पोराला सांगा ह्ये ओरिजिनल, ते रीलमधलं डुप्लिकेट.

डबल_बेल
आमची निम्मी नोकरी त्या रूटवर गेली म्हणून रस्त्याचं सांगतो. सांगलीहून इस्लामपूर (आता ईश्वरपूर म्हणायचं, तोंडात बसंना अजून), पेठ नाक्याला हायवे ओलांडायचा, मग शिराळा, कोकरूड, शेडगेवाडी, आरळा, मणदूर. कराडकडनं येणारं पब्लिक उंडाळ्यावरनं येऊन शेडगेवाडीलाच मिळतं. डिझेल शिराळ्यातच फुल करून घ्यायचं. पैसे रोख बरोबर ठेवा, पुढं रेंज गेली की तुमचं स्कॅन-बिन काय चालत नाय, मग वहिनी पर्स उलटीपालटी करत बसतात आणि साहेब तोंड दुसरीकडं करून उभे, लई वेळा बघितलंय. एसटीनं जायचं असलं तर शिराळ्याहून आरळ्याकडं गाड्या हायत पण म्हातारं माणूस आणि दोन पोरं घिऊन तुम्ही आपली गाडीच काढा. कोकरूडच्या पुढं रस्ता नदीच्या कडंनं हाय, ऊसतोडीचा हंगाम म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉल्या मिळणार, रात्री त्यांना मागं लाल दिवा नसतो. संध्याकाळच्या आत पोचा.

कराडची_पोर
मी माझा किस्सा सांगते म्हणजे तुम्ही फसणार नाही. गेल्या वर्षी आम्ही चार मैत्रिणींनी कोयनेच्या पाण्याच्या काठाला "वूडन केबिन लेकव्ह्यू" असं ऑनलाइन बुक केलं. नाव सांगत नाही, उगाच भांडण नको. फोटोत सागवानी दिसत होतं. गेलो तर प्लायवूडचा खोका, वर पत्रा, आत एक गादी आणि झिरोचा बल्ब. बरं थंडीत पत्र्याला आतनं दव धरतं हे मला माहीतच नव्हतं, पहाटे चारला टपटप तोंडावर, आम्हाला वाटलं पाऊस आला. बाहेर येऊन बघतो तर आभाळ चांदण्यांनी भरलेलं. संडास शंभर पावलं लांब, उतारावर, आणि तिथं दिवा नाही. तीन हजार ॲडव्हान्स होता तो गेलाच, माणूस म्हणाला "मॅडम नेचरमध्ये असंच असतं".

तेव्हापासून मी बुकिंगच्या आधी व्हिडिओ कॉलवर संडास दाखवा म्हणते. खोली नको, व्ह्यू नको, संडास दाखवा. खरंच. तो दाखवायला माणूस का कू करत असेल तर पुढचं बोलायचंच नाही. तुमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात ना, मग कमोड आहे का ते आधी विचारा, बाकी सगळं नंतर.

सांगलीची_हळद
बापरे. कमोडचं डोक्यातच नव्हतं. थँक्यू गं.

मास्तर_निवृत्त
थोडं विषयांतर होईल, चालवून घ्या. मी शिराळा तालुक्यात नोकरी केली. चांदोली १९८५ ला अभयारण्य झालं आणि २००४ ला राष्ट्रीय उद्यान. २०१० ला कोयना अभयारण्य आणि चांदोली एकत्र करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशात. हे पाटीवर लिहिलेलं असतं. पाटीवर लिहिलेलं नसतं ते असं की त्या जंगलात गावं होती. धरणानं काही उठली, अभयारण्यानं काही उठली. माझ्या वर्गात पुनर्वसनातली पोरं होती. मराठीच्या पेपरात "माझे गाव" निबंध आला की ती पोरं पाण्याखाली गेलेलं नाहीतर रान माजलेलं गाव लिहायची, आजोबांकडून ऐकलेलं, आंब्याच्या झाडांच्या नावासकट. त्यांनी ते बघितलेलंही नसायचं.

सांगायचा मुद्दा, आत गेल्यावर गाईड जनीचा आंबा दाखवेल, तिथं लपनगृह (लपून जनावरं बघायची जागा) आहे, पोरांना मजा वाटेल. पण अशी नुसत्या झाडांची नावं आली की गाईडला विचारा हे कुणाचं होतं. बरेच गाईड आसपासच्या गावातलेच असतात, बोलायला लागले की मग गव्याची वाट बघायची गरज पडत नाही. आणि अशा गावात घरी राहिलात तर पैसे योग्य हातात जातात असं माझं मत.

घाटमाथा
मास्तर 🙏

ट्रेकर_सातारा
चांदोलीच कशाला, बामणोलीला या की. साताऱ्याहून कासवरून खाली उतरलं की शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. बामणोली, शेंबडी, काठाला घरगुती राहायची सोय आहे, तंबू पण आहेत. सकाळी बोटीनं वासोटा किल्ला. बोट अख्खी घ्यावी लागते, म्हणून तिथं दुसरा ग्रुप गाठून खर्च वाटून घ्यायचा, आम्ही कायम तेच करतो, धक्क्यावर उभं राहून "कोण हाय का जोडीला" ओरडायचं. फक्त वासोट्यावर मुक्काम चालत नाही, तो कोयना अभयारण्यात आहे, संध्याकाळी बोटीनं परत काठाला यायचंच.

कराडची_पोर
अहो ६८ वर्षांच्या बाईला वासोटा चढवताय का 😂

ट्रेकर_सातारा
आई बोटीतच बसतील की, पाणी बघत!

सांगलीची_हळद
सासूबाईंना पाण्याची भीती वाटते. २०१९ चा पूर बघितलाय आम्ही, पहिल्या मजल्यावरून बोटीत उतरवलं होतं त्यांना. बोट नकोच.

ट्रेकर_सातारा
सॉरी ताई. लक्षात आलं नाही.

पाटणची_थंडी
कोयनानगर पण बघा. कराड-चिपळूण रस्त्यावरच आहे, रस्ता चांगला, साधे लॉज मिळतात, दवाखाना-दुकानं जवळ, म्हातारं माणूस असलं की हे महत्त्वाचं. नेहरू उद्यान बघायचं, नवजाला ओझर्डे धबधबा, पण डिसेंबरला धार बारीक झालेली असते. आमच्या मामांकडं कोयनेत राहिलो होतो तेव्हा रात्री अचानक खिडकीची तावदानं खडखडली, मांडणीवरचे पेले हलले, मी उठून बसलो. मामा पांघरुणातनंच म्हणाले, "झोप रे, कोयना हाय ही." १९६७ चा ११ डिसेंबर ज्यांनी बघितला त्यांना असल्या धक्क्यांचं काही वाटत नाही. मला मात्र सकाळपर्यंत झोप नाही.

आख्खा_मसूर
एका धाग्यात पूर आणि भूकंप दोन्ही झाले, बिचाऱ्या ताई ट्रीप कॅन्सल करतील आता

हिशोबी_माणूस
मी उलटं बोलतो. माणशी ७००-८०० घेतात हे गाववाले, सारवलेल्या जमिनीवर गादी टाकायचे? शिराळ्यात त्या पैशात डबल बेडची रूम मिळते, टीव्हीसकट. सकाळी उठून गाडीनं जायचं, बघायचं, परत. एक विश्रामगृह पण असतं सरकारी, ते सगळ्यात स्वस्त.

घाटमाथा
सरकारी विश्रामगृहाचं स्वप्न बघू नका. मी एकदा केलं होतं बुकिंग, कुठलं ते जाऊ दे. चिठ्ठी हातात, शिक्का मारलेली. गेलो तर खानसामा म्हणतो साहेब आलेत मुक्कामाला. कुठले साहेब? "मोठे." बस्स. संध्याकाळी सात वाजता बायका-पोरं गाडीत आणि मी दारोदार जागा शोधतोय. मिळाली तर सोन्याहून पिवळं, स्वच्छ असतात, जागा पण भारी असतात, पण हाताशी दुसरी सोय ठेवूनच जायचं. आणि शिराळ्यात राहून पहाटे निघायचं म्हणजे पाच वर्षांचं पोर पाचला उठवून तासभर वळणावळणाच्या रस्त्यानं न्यायचं, गाडीत उलट्या कोण काढणार, तुम्ही?

वारणाकाठचा
मी मणदूर बाजूचाच आहे, आमच्या घरी पाव्हणे ठेवतो, म्हणून दोन शब्द. जाहिरात समजू नका.

@हिशोबी_माणूस भाऊ, ७०० मध्ये काय येतं ते सांगतो. दुपारी पोचल्यावर जेवण नाहीतर रात्रीचं, सकाळी नाष्टा, दोन-तीन वेळा चहा, आंघोळीला गरम पाणी. पाणी तांब्याच्या बंबात तापवतो, लाकडाच्या ढपल्या लागतात, जंगलात आता तोडता येत नाही आणि आम्ही तोडत पण नाही, विकत आणतो. गावठी कोंबडा केला तर त्याचा भाव तुम्हाला माहीतच आहे. आई पहाटे चारला उठती, नाचणीची भाकरी, वरण, एक भाजी, खर्डा, दही. बायको वर्षभर शेतात पण असती आणि पाव्हणे आले की चुलीपुढं पण. हे सगळं धरून हातात फार उरत नाही. उरतं ते पोरांच्या शाळंला जातं.

दुसरं, लोकं फोनवर पाच सांगतात आणि येतात आठ. मग भाकरी कमी पडती, मग रागावतात. आणि जेवण झाल्यावर दर कमी करा म्हणतात. आधी म्हणा ना, आम्ही पण आधी सांगतो जमंल का नाय. ताटावरनं उठल्यावर घासाघीस नको वाटती.

तिसरं, गाण्याचे डबडे आणू नका. रात्री नऊनंतर गाव झोपतं. कुत्री एका दमात भुंकाय लागली तर बाहेर टॉर्च घिऊन "काय हाय काय हाय" करू नका, बिबट्या असतो, उसात तर हमखास. लहान पोरं अंधारात परसाकडं एकटी सोडायची नाहीत.

हळदताई, आमच्याकडं कमोड हाय. गेल्या वर्षी बसवला, आमच्या आईच्याच गुडघ्यापायी. लहान पोरांचे निम्मे घेतो.

हिशोबी_माणूस
ठीक आहे भाऊ, एवढं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो, टीव्हीचा सोडून.

कृष्णाकाठ
ज्यांना एका दिवसात परत यायचंय त्यांच्यासाठी सागरेश्वर पण आहे की! देवराष्ट्रेजवळ, सांगलीहून जवळ, साडेदहा-अकरा चौरस किलोमीटरचं छोटंसं, कुंपण घातलेलं. तिथलं रान निसर्गतः आलेलं नाही, धों. म. मोहित्यांनी आणि लोकांनी झाडं लावून उभं केलेलं आहे. सांबर, चितळ दिसतात. मुक्कामाची भानगडच नाही. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतरावांचं आजोळ, ते घर पण बघून होतं.

सांगलीची_हळद
सागरेश्वर झालंय आमचं शाळेच्या सहलीत. पण धाकट्यासाठी लक्षात ठेवते.
@वारणाकाठचा दादा, तुम्हाला मेसेज केलाय बघा.

डबल_बेल
एक राहिलं. १५ जून ते १५ ऑक्टोबर पार्क बंद असतं. दर वर्षी कोणतरी ऑगस्टमध्ये "हिरवंगार बघायचंय" म्हणून जातो आणि गेटवरनं परत येतो. तिकडचा पाऊस म्हणजे आपला पाऊस नाय. पाथरपुंजला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर मोजलाय. जळवा तर पायात बूट असताना पण मोज्यात सापडतात. तुम्ही डिसेंबरला चाललाय ते बरोबर हाय.

सांगलीची_हळद
(जाऊन आले!! मोठं लिहिते, चहा घेऊन बसा)

शुक्रवारी दुपारी निघालो, पेठ नाक्याला आख्खा मसूर खाल्ला (@आख्खा_मसूर तुमच्या नावानं एक प्लेट जास्त), साडेपाचला दादांच्या घरी. रेंज म्हणाल तर आरळ्याच्या पुढं नवऱ्याच्या फोनची गेली आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, पहिल्या संध्याकाळी दर दहा मिनिटांनी फोन वर धरून अंगणात फिरत होता, दादांची आई म्हणाली "भावजी देवाला ववाळताय काय". दुसऱ्या दिवशी सोडून दिला नाद.

केबिनचं काय झालं? माळ्यावर लाकडी फळ्या आहेत, तिथं पोरांच्या गाद्या टाकल्या. धाकटा खुश. फळीच्या फटीतनं खालची चूल दिसते, तो पालथा पडून भाकरी थापताना बघत बसला होता, खाली काकू वर बघून भाकरी हवेत उडवल्यासारखी करायच्या. दीड तास. मोबाईल न मागता. मी घड्याळ लावून बघितलं.

शनिवारी पहाटे पार्कात. कोल्हापूरचं एक कुटुंब शेजारच्या घरी उतरलं होतं, दोघांत मिळून जीप केली त्यामुळं निम्म्यात झालं, ही आयडिया ट्रेकर_सातारा यांची, बोट नाही तर जीप. सासूबाई पुढच्या सीटवर. वाघ दिसला नाही, सहसा कुणाला दिसत नाही, ती आशा ठेवून जाऊच नका. गवा दिसला. एकटाच, रस्त्याच्या कडेला कारवीत, आधी मला वाटलं काळा दगड आहे, मग दगडानं कान हलवला. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. पाच-सहा मिनिटं तो आमच्याकडं बघत होता आणि आम्ही त्याच्याकडं, आणि त्या शांततेत धाकट्याचं पोट गुरगुरलं ते सगळ्या जीपला ऐकू आलं. शेकरू दोन वेळा दिसली, ती सासूबाईंनीच पहिली बघितली दोन्ही वेळा, आता घरी सगळ्यांना सांगतायत की माझी नजर अजून शाबूत आहे म्हणून.

झोळंबीच्या सड्यावर नुसता जांभा दगड आणि वारा. मास्तर, तुम्ही सांगितलं तसं गाईडला विचारलं. तो म्हणाला माझ्या आजीचं माहेर इथलं. एवढंच. मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. नंतर त्यानंच एका आंब्याकडं हात करून सांगितलं हा आंबट, तो पलीकडचा साखऱ्या. माणसं गेली तरी झाडांना अजून तीच नावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुढे-पाचगणीच्या पठारावर जाऊन पवनचक्क्या बघितल्या, फुकट, आणि पोरांना गव्यापेक्षा त्याच जास्त आवडल्या हे सांगायला लाज वाटते.

हिशोब: मोठे तीन, ७०० प्रमाणे दोन दिवस ४२००. पोरं निम्म्यात, १४००. एकूण ५६००. बजेटमध्ये! कोंबड्याचे वेगळे दिले, ते योग्यच. पार्काची फी, गाईड आणि जीप वेगळी धरा.

तक्रार एकच, थंडी फार. दोन गोधड्या पुरल्या नाहीत, कानटोपी न्याच. आणि सासूबाईंचा स्टीलचा डबा तिथंच राहिला, झाकणावर त्यांच्या माहेरचं नाव कोरलेलं आहे, त्यावरून घरी दोन दिवस अबोला चालू आहे. @वारणाकाठचा दादा बघाल का?

वारणाकाठचा
डबा हाय ताई. आईनं मांडणीवर वर ठेवलाय. कुरिअर काय येत नाय इथं.

डबल_बेल
कुरिअर कशाला? आरळ्यात गाडीत द्या, शिराळ्याला आमचा माणूस हाय, तिथनं सांगली गाडीला चढवतो. ताई, स्टँडवर चौकशी खिडकीपाशी संध्याकाळी सहाला या.

सांगलीची_हळद
डबा मिळाला!! अबोला संपला. पण उघडला तर आत नाचणीचं पीठ, काठोकाठ भरलेलं. आता हा रिकामा कसा परत पाठवायचा म्हणून सासूबाई सकाळपासून मागं लागल्यात, काय भरून पाठवू सुचेना.

आख्खा_मसूर
नाव काय लावलंय ताई तुम्ही? हळद भरा की.